एक दिवस, तीन बेटं आणि पंचेचाळीस मिनिटांचा समुद्र

टूरचा सीझन जवळ आलाय. सबमिशन संपायच्या आधीच कट्ट्यावर दोन पक्ष पडलेत. एक गोवा पक्ष आणि दुसरा अंदमान पक्ष. मालवणवाले आहेतच, पण ते अल्पमतात. तिन्ही पक्षांच्या जाहीरनाम्यात एक कलम मात्र सारखंच आहे: 'बोटीतून बेटांची सफर विथ स्नॉर्केलिंग!' सकाळी निघायचं, दोन-तीन बेटं उरकायची, मध्ये पाण्यात तोंड खुपसून मासे बघायचे, संध्याकाळी परत. त्यात फोटो आले म्हणजे जन्माचं सार्थक!

या सफरीला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. उलट प्रत्येकाने एकदा तरी काचेतून समुद्राचा तळ बघावा, असं माझं ठाम मत आहे. माझी तक्रार आहे ती ही सफर ज्या पद्धतीने विकली जाते आणि आपण ज्या पद्धतीने विकत घेतो, त्याबद्दल.

उदाहरण अंदमानचंच घेऊ. मराठी माणूस पोर्ट ब्लेअरला (२०२४ पासून अधिकृत नाव श्री विजयपुरम) जातो तो आधी सेल्युलर जेल बघायला. सावरकरांची कोठडी बघून डोळे पुसतो आणि दुसऱ्या दिवशी जेट्टीवर तिकिटाच्या रांगेत उभा राहतो. तिथे 'थ्री आयलंड टूर' मिळते: रॉस, व्हायपर आणि नॉर्थ बे. ही तिन्ही बेटं बंदराच्या अगदी तोंडाशी आहेत.

आता यातलं एकेक बेट काय आहे बघा. रॉस (२०१८ पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप) ही इंग्रजांची अंदमानची राजधानी. चर्च, बेकरी, क्लब, सगळा थाट होता. १९४१ चा भूकंप झाला, १९४२ मध्ये जपानी आले आणि थाट संपला. आज त्या भिंती वडाच्या मुळांनी आवळून धरल्यात आणि मधून हरणं फिरतात. व्हायपर तर सेल्युलर जेलच्याही आधीचं तुरुंगाचं बेट. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोला मारणाऱ्या शेर अलीला १८७२ मध्ये इथेच फाशी दिलं. आणि नॉर्थ बेचा देखावा तर तुमच्या-आमच्या खिशात होता! जुन्या लालसर वीसच्या नोटेमागे नारळाची झाडं आणि समुद्र होता ना, तो इथलाच. (२०१९ च्या नव्या नोटेवर आपलं वेरूळ आलं, म्हणजे हिशोब फिटला.) याच नॉर्थ बेला पोवळ्यांचे खडक आहेत आणि स्नॉर्केलिंगही इथेच.

म्हणजे एक बेट इतिहासाचं, एक हौतात्म्याचं आणि एक निसर्गाचं. प्रत्येकाला निदान अर्धा दिवस द्यावा अशी ही ठिकाणं. आणि आपण देतो किती? मागच्या दिवाळीत घरच्यांबरोबर गेलो होतो तेव्हा मी घड्याळ लावून बघितलं. नॉर्थ बेला पाण्यातली वेळ पंचेचाळीस मिनिटं, त्यातली वीस मास्क घट्ट करण्यात आणि पाळी येण्यात गेली. उरलेल्या वेळात गाइड ट्यूबला धरून ओढत नेतो, 'वो देखो निमो, वो देखो स्टारफिश, चलो!' म्हणतो आणि परत आणतो. आमच्या मेसमध्ये रविवारची फीस्टसुद्धा यापेक्षा निवांत असते.

घाई झाली तर काय बिघडलं, असं कोणी म्हणेल. बिघडतं. दोन गोष्टी बिघडतात, आणि दोन्ही आपल्या सिलॅबसमध्ये आहेत.

पहिली म्हणजे बोट. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये आपण मेटासेंट्रिक हाइट शिकलो. जीएम बरोबर आय भागिले व्ही वजा बीजी. दहा मार्कांचा हमखास प्रश्न! जीएम पॉझिटिव्ह असेल तर कललेली बोट सरळ होते, निगेटिव्ह झाला की उलटते. आता यात माणसं भरा. वरच्या डेकवर जितकी जास्त, तितका गुरुत्वमध्य वर आणि जीएम कमी. मग कोणीतरी ओरडतं, 'डॉल्फिन!' आणि सगळी जनता मोबाइल घेऊन एका बाजूला. बोट कलली. कललेल्या बाजूने पाणी आत आलं, तर ते पाणीही खालच्या बाजूलाच धावतं आणि उरलासुरला तोलही खातं. याला पुस्तकात 'फ्री सरफेस इफेक्ट' म्हणतात. पेपरात सोडवलं की मार्क मिळतात. समुद्रात मात्र एटीकेटी नाही.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये. २६ जानेवारी २०१४ ला रॉस आणि नॉर्थ बेच्या याच टापूत पर्यटकांची बोट बुडाली. परवानगी पंचवीस जणांची होती, बोटीत चाळीसच्या वर माणसं होती. २१ जण गेले. मे २०२२ मध्ये तारकर्लीला स्कूबाहून परतणारी बोट उलटली, दोघं गेले. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत घारापुरीला जाणाऱ्या बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली, १५ जण गेले. त्या बोटीत शंभराहून जास्त माणसं होती. कारणं प्रत्येक वेळी वेगळी. पण तिन्ही वेळा माणसं निघाली होती ती मजेच्या एका दिवसासाठीच.

लाइफ जॅकेटचं म्हणाल तर गणित अगदी साधं आहे. माणूस पाण्यात जवळजवळ तरंगतोच, नाक वर राहायला सात-आठ किलोची जादा उचल पुरते. जॅकेट एवढं काम आरामात करतं. अट एकच, ते अंगात हवं आणि बक्कल लावलेलं हवं. सैल जॅकेट पाण्यात पडताच वर सरकतं आणि कानापाशी येऊन बसतं, माणूस खालीच राहतो. आमच्या बोटीत अर्ध्या पब्लिकने ते मांडीवर ठेवलं होतं, 'फोटो चांगला येत नाही' म्हणून! आणि खलाशीही काही बोलला नाही. त्याला पुढची फेरी मारायची होती.

दुसरी बिघडणारी गोष्ट पाण्याखाली आहे. पोवळं म्हणजे कोरल, हा दगड नाही, प्राणी आहे. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं, ते प्रकाशावर अन्न तयार करतं आणि भाडं म्हणून मालकाला देतं. रंगही बराचसा त्या भाडेकरूचाच. पाण्याचं तापमान नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा अंशभराने वाढून काही आठवडे तसंच राहिलं, की पोवळं शैवालाला बाहेर काढतं आणि पांढरं पडतं. हेच ब्लीचिंग. पाणी लवकर थंड झालं तर ते सावरतं, नाही तर उपाशी मरतं. अंदमानात २०१० मध्ये याचा मोठा फटका बसला, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या चौथ्या ब्लीचिंगची घोषणा केली. त्या वर्षी आपल्या लक्षद्वीपलाही झळ बसली.

म्हणजे पेशंट आधीच आजारी आहे. त्यात आपण काय करतो? त्याच्यावर उभे राहतो. आणि याचंही कारण फिजिक्समध्ये आहे. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. मास्कमधून बघताना वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर आणि तेवढ्याच प्रमाणात मोठी दिसते. न पोहणाऱ्याला वाटतं, तळ इथेच तर आहे, पाय टेकू. एक तर तो टेकत नाही आणि माणूस घाबरतो, किंवा टेकतो आणि खालची फांदी मोडते. गोलसर जातीची पोवळी वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. आपल्या वयाएवढं काम एका लाथेत संपतं. बोटीचा नांगर खडकावर टाकला, तर एका फेकीत त्याच्या कितीतरी पट!

वर आणि लोक निराश होऊन येतात, 'ब्रोशरमध्ये होते तसे रंग नव्हते' म्हणून. अहो, पाणी लाल रंग आधी शोषून घेतं. ब्रोशरचा फोटो फ्लॅश मारून जवळून काढलेला असतो. जिथे सूर्याचा प्रकाश खोल जाताना निळा उरतो, तिथे निळंच दिसणार. पाच-दहा मिनिटं शांत तरंगत राहिलं की डोळा सरावतो, मासेही आपल्याला ओंडका समजून जवळ येतात. पण शांत तरंगायला वेळ लागतो, आणि वेळ पॅकेजमध्ये नसतो.

आता विरोधी पक्षाचे मुद्दे घेऊ, नाहीतर संपादक म्हणतील एकतर्फी लिहिलंय.

एक म्हणजे, 'बोटवाल्यांचं पोट त्यावर आहे.' शंभर टक्के मान्य. पण त्यांचं पोट पोवळ्यावर आहे, गर्दीवर नाही. मेलेल्या खडकावर कोण येणार स्नॉर्केलिंगला? थायलंडची माया बे बघा. २००० साली 'द बीच' सिनेमा आला आणि तिथे अशी झुंबड उडाली की पुढे दिवसाला हजारोंनी लोक उतरू लागले. शेवटी २०१८ मध्ये किनारा बंद करावा लागला, तो २०२२ च्या सुरुवातीला उघडला. मधल्या काळात तिथे लहान शार्क परत दिसू लागले. आता बोटी खाडीत येत नाहीत, मागच्या बाजूला लागतात. वेळेवर आवर घातला असता तर तीन-साडेतीन वर्षांचा धंदा बुडाला नसता.

दुसरा मुद्दा, 'मग तिकीट महाग करा, गर्दी आपोआप कमी होईल.' याला माझा सक्त विरोध. समुद्र काही फक्त पैसेवाल्यांचा नाही. तिकीट तिप्पट केलं तर होस्टेलची पोरं आधी कटाप होतील. माझ्या मते आकडा ठरवावा, किंमत नाही. आणि हे आपल्या देशात जमतं! पोर्ट ब्लेअरहून साधारण ३० किलोमीटरवर वंडूर आहे. तिथे १९८३ साली झालेल्या सागरी राष्ट्रीय उद्यानातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आलटून पालटून उघडतात. एक उघडं असताना दुसऱ्याला विश्रांती. दिवसाला ठरावीकच माणसं. प्लास्टिकला बंदी, जेट्टीवर पिशव्या तपासतात, पाण्याच्या बाटलीवर अनामत घेतात आणि बाटली परत दाखवली की पैसे परत. कंटाळवाणं वाटतं, पण तिथला तळ बघितलेला माणूस तक्रार करत नाही.

तिसरा मुद्दा, 'आपण चाळीस पोरं गेल्याने काय फरक पडतो?' हा आपला लाडका मुद्दा. मेसमध्ये अन्न टाकतानाही आपण हेच म्हणतो. पण चाळीस जणांची टूर म्हणजे एजंटसाठी मोठी ऑर्डर असते. एकटादुकटा पर्यटक 'जास्त माणसं का भरताय?' म्हणाला तर त्याला उतरवतील. चाळीस जणांच्या वतीने टूर कमिटीने बुकिंगच्या आधी विचारलं तर एजंटला उत्तर द्यावंच लागतं. आपली ताकद तिथे आहे आणि आपण ती खर्च करतो शंभर रुपये कमी करण्यासाठी घासाघीस करण्यात!

म्हणून टूर कमिटीला, सीआर मंडळींना आणि बरोबर येणाऱ्या सरांना माझी जाहीर मागणी आहे. बुकिंग करताना एवढं विचारा:

१. बोटीची परवानगी किती माणसांची आहे? परवान्यावरचा आकडा बघा, एजंटच्या तोंडचा नको. जाताना आणि प्रत्येक बेटावरून निघताना डोकी मोजा.

२. प्रत्येकाला मापाचं जॅकेट आहे का? जेट्टी सोडायच्या आधी सगळ्यांची बक्कलं लागली पाहिजेत. फोटो वाईट आला तरी चालेल.

३. स्नॉर्केलिंगच्या जागी बोट पक्क्या बोयाला बांधतात की नांगर टाकतात?

४. पाण्यात किमान दीड तास मिळेल का? नसेल तर तीन बेटांऐवजी दोनच घ्या. एखाद्या संध्याकाळी रॉस निवांत बघा, ती भूमी घाईने उरकायची नाही.

५. न पोहणारे किती, याची यादी आधी करा. त्यांच्यासाठी होस्टेलमागच्या स्विमिंग टँकमध्ये दोन रविवार मास्क आणि नळीची सवय ठेवा. नळीतून श्वास घ्यायला जमलं की अर्धी भीती जाते आणि पाय तळाकडे जात नाहीत.

आणि वैयक्तिक सूचना: माशांना बिस्किट घालू नका, उन्हासाठी क्रीम चोपडण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून उतरा, आणि किनाऱ्यावर पडलेला पोवळ्याचा तुकडा रूमच्या खिडकीत ठेवायला उचलू नका. २००१ पासून खडक बांधणारी पोवळी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीला. विमानतळावर बॅग उघडायला लावली तर 'मेलेला होता सर' हे उत्तर चालत नाही.

मालवणवाल्यांनी हसू नये. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे आणि तिथेही पोवळी आहेत, अंदमानपेक्षा थोडी आणि म्हणूनच जास्त मोलाची. वरचे पाचही प्रश्न तिथल्या बोटीलाही लागू.

टूरची मीटिंग पुढच्या आठवड्यात आहे असं कळतं. अजेंड्यावर पहिला विषय 'पर हेड किती' हाच असणार. माझं म्हणणं एवढंच, की दुसरा विषय 'पर बोट किती' हा ठेवा. बघा पटतंय का!