दर्शन आधी, छायाचित्र मागून

ज्येष्ठ वद्यात देहूहून तुकोबारायांची पालखी निघून आकुर्डीच्या विठ्ठलमंदिरी मुक्कामास येते, तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या या यंत्रनगरीत पाळी संपवून आलेला कामगारही वाटेवर हात जोडून उभा राहतो. अलीकडे मात्र पालखी समोर येताच जोडलेले हात सुटतात आणि मोबाईल उंचावतात.

छायाचित्र घेऊच नये, असे आम्ही म्हणत नाही. घरी अंथरुणास खिळलेल्या आजीला त्यातूनच दर्शन घडते. परंतु चालत्या गर्दीत छायाचित्रासाठी थबकणारा एक जण मागचा सारा लोट अडवितो, आणि तोल जातो तो बहुधा एखाद्या वृद्धेचा. घाटावर स्नान करणाऱ्या माताभगिनींपुढे मोबाईल धरणे, हे तर पापच होय.

१५ जून २०२५ रोजी, देहूच्या प्रस्थानास तीनच दिवस उरले असता, याच इंद्रायणीवरील कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला; चार जीव गेले. पूल जीर्ण होता, बंदोबस्त शासनाचे काम, हे खरेच. तथापि कोठे थांबू नये, हा विवेक ज्याचा त्यानेच बाळगावयाचा असतो.

टाळास दोन्ही हात लागतात. म्हणूनच दिंडीची ओळ न अडखळता चालते. भाविकांस आमची एवढीच विनंती, की पालखी येता मोबाईल खिशात असावा. रथ पुढे गेल्यावर कडेला उभे राहून छायाचित्र खुशाल घ्यावे. दर्शन मात्र डोळ्यांनीच घ्यावे.