वस्तऱ्याचा निसणा व त्याचे दोष

संस्कृतांत 'शाण' या एकाच शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्यावर शस्त्राला धार लावावयाची तो शाण, आणि ज्यावर सोन्याचा कस पाहावयाचा तोहि शाण. आपल्या देवघरांतील सहाण ही याच शब्दाची कन्या. लॅटिन भाषेंतील 'कोतिक्युला' या शब्दाचेंहि तसेंच आहे. लहानसा निसणा हा त्याचा मूळ अर्थ, आणि सोन्याच्या कसोटीलाहि तेथें हेंच नांव. परस्परांपासून इतक्या दूरच्या या दोन भाषांनीं धार आणि कस यांची एकच जोड जमवावी, ही गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. पण दुसऱ्याचा कस पाहणाऱ्या या दगडांतच दोष निघाला, तर त्याचा कस कोणीं व कसा पाहावा? या महिन्यांत आम्ही त्याचाच विचार करणार आहों. निसणा म्हणजे धार लावण्याचा दगड. हा शब्द घरांतून नाहींसा होत चालला आहे, म्हणून तो आम्ही मुद्दामच वापरीत आहों.

१९०४ सालीं जिलेट यांना बदलत्या पात्याच्या वस्तऱ्याचें पेटंट मिळालें, आणि पुढें घरोघरीं श्मश्रूची रीतच पालटली. अलीकडे मात्र कांहीं तरुणांना जुन्या घडीच्या वस्तऱ्याची हौस लागली आहे. त्या हौसेला आम्ही नांवें ठेवणार नाहीं. रोज एक पातें फेकण्यापेक्षां एक पातें जन्मभर जपणें केव्हांहि बरें. त्या निमित्तानें माळ्यावरच्या पेट्यांतून पणजोबांचे निसणेहि बाहेर येऊं लागले आहेत.

अशाच एका निसण्याविषयीं एका वाचकांनीं आम्हांस विचारलें आहे. दगड दुरंगी आहे. वरचा थर फिकट पिवळा, खालचा निळसर जांभळा. पिवळ्या भागावरून एक तपकिरी रेषा आडवी गेली आहे, आणि एका टोंकाला दोन्ही थर एकमेकांपासून सुटूं लागले आहेत. घरांतील वडीलधारे काका म्हणतात, भंगलेली वस्तु घरांत ठेवूं नये, नदींत सोडून द्यावी. पुतण्या म्हणतो, पणजोबांची दाढी ज्यावर झाली त्याला दोष कसला? तो त्यावर आपला वस्तरा लावावयास निघाला आहे. दोघांनाहि आमची विनंति अशी कीं, आठ दिवस थांबावें. काकांच्या घाईनें पुन्हा न मिळणारी वस्तु जाईल, आणि पुतण्याच्या घाईनें वस्तऱ्याची धार तरी जाईल, नाहीं तर हनुवटीवर जखम तरी होईल.

वर्णनावरून हा दगड बेल्जममधील आर्देन प्रदेशांतला 'कोटिक्यूल' दिसतो. वर सांगितलेल्या लॅटिन शब्दावरूनच त्याचें हें नांव पडलें. व्हिएलसाम व लिएर्न्यू या गांवांच्या परिसरांत, सुमारें ४८ कोटि वर्षांपूर्वींच्या खडकांत, याचे पिवळे थर आढळतात. ते बहुधा कांहीं सेंटिमीटरच जाडीचे असून निळसर पाटीच्या दगडाला लागून असतात. त्यांत मँगेनीजयुक्त गार्नेटचे कण दाटीनें बसलेले असतात. त्यांचा व्यास साधारणपणें ५ ते २० मायक्रॉन. माणसाचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाडीचा असतो, हें ध्यानांत घेतलें म्हणजे या कणांच्या बारीकपणाची कल्पना येईल. असे कठीण कण अभ्रकाच्या मऊ गिलाव्यांत बसलेले असल्यामुळें ते पोलाद झिजवितात, पण खोल ओरखडा पाडीत नाहींत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील खाणी एकेक करून बंद पडल्या. शतकाच्या अखेरीस थोडेंसें उत्खनन पुन्हा सुरू झालें. तेव्हां जुना चांगला दगड टाकून देण्याइतका स्वस्त नाहीं.

कारखान्यांतला निसणा चाळून घेतलेल्या एकसारख्या कणांचा बनवितात. निसर्गाजवळ अशी चाळणी नाहीं. समुद्रतळाचा गाळ थरांवर थर साचून दगड होतो. तो दाबला जातो, तापतो, दुमडतो, भेगाळतो. आणि भेगांतून उष्ण पाण्याबरोबर आलेली सिलिका गोठून तेथें पांढऱ्या गारेची शीर तयार होते. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणांतहि वायूचे बुडबुडे राहून पोकळ्या पडलेल्या असतात. पण पाट्याला त्याचें सुखदुःख नाहीं. उलट त्याला टाकी लावून आपण मुद्दाम खडबडीत करतों. वस्तऱ्याच्या धारेची कड एका मायक्रॉनहूनहि बारीक असते. तिच्या वाटेंत एक खडा आला तरी पुरे.

तथापि प्रत्येक दोष सारखाच नव्हे. त्यांचे चार वर्ग करावे.

पहिला रंगाचा दोष. लोखंडाचे तांबूस ढग, मँगेनीजचे काळे ठिपके व रेषा पाहून मन साशंक होतें. परंतु बहुतेक वेळां हा दोष डोळ्यांपुरता असतो, धारेला तो लागत नाहीं. जपानांत क्योतोजवळच्या डोंगरांतील निसण्यांवर काळसर ठिपके आढळतात. तेथें त्यांना 'करासु' म्हणजे कावळा असें नांव देऊन लोक अशा दगडाला अधिक किंमत मोजतात.

दुसरा दोष कठीण शिरेचा अथवा खड्याचा. हा खरा शत्रु. भोंवतालचा दगड लवकर झिजतो, शीर मागें राहते व वर उठून दिसते. वस्तरा तिच्यावरून गेला कीं धारेला दांता पडतो.

तिसरा दोष भेगेचा व थर सुटण्याचा. चौथा झिजेचा, म्हणजे दगड मधोमध खोलगट होण्याचा. हा चौथा दोष मात्र निसर्गाच्या माथीं मारूं नये. तो वापरणाऱ्याच्या हाताचा आहे.

आतां परीक्षा. प्रथम दगड कोमट पाणी, साबण व जुना दांतांचा ब्रश यांनीं स्वच्छ करावा. पिढ्यान् पिढ्यांचें तेल व मळ यांखालीं गुणहि झांकतात आणि दोषहि झांकतात. मग तो सावलींत पूर्ण वाळूं द्यावा. आठ दिवस मागितले ते याचसाठीं. वाळल्यावर पुन्हा ओला करून वाळतांना पाहत बसावें. सगळा पृष्ठभाग सुकला तरी जेथें काळसर ओल रेंगाळते तेथें भेग आहे असें समजावें. नुसती रंगाची रेषा असेल तर ती आजूबाजूच्या दगडाबरोबरच सुकते. दगड दोन बोटांत सैल धरून लांकडानें हलकेंच ठोकला असतां खणखणीत आवाज आला तर अंग एकसंध. बद्द आवाज आला तर आंत कोठें तरी फट. मात्र दोन थर चिकटविलेल्या दगडाच्या बाबतींत या आवाजावर विसंबूं नये.

यानंतर संशयित रेषेवरून नख आडवें फिरवावें, एकदां इकडून व एकदां तिकडून. नख अडलें तर शीर वर आलेली आहे. नख न अडलें तरी चांगला वस्तरा लगेच लावूं नये. टाकाऊ पातें दहा-वीस वेळां त्या जागेवरून फिरवून, घड्याळजीच्या भिंगाखालीं त्याचा उतार पाहावा. सर्व ओरखडे सारखे बारीक असतील तर रेषा निर्दोष. मधूनच एखादा खोल ओरखडा दिसला तर ती सदोष. दगडाच्या रूपापेक्षां पोलादाची साक्ष अधिक विश्वसनीय असते.

शीर सदोष ठरली तरी निराश होण्याचें कारण नाहीं. ती अरुंद असेल तर टोंकदार कठीण पोलादी टोच्यानें अगदीं हलक्या हातानें कोरून पृष्ठभागाच्या किंचित् खालीं न्यावी, दोन्ही कडा गोलसर कराव्या, आणि कोरलेले कण पुष्कळ पाण्यानें धुऊन काढावे. वस्तऱ्याची कड लांब व सरळ असल्यामुळें ती खांचेच्या दोन्ही बाजूंवर टेकून पुढें जाते. तिला खांच बाधत नाहीं, उंचवटा बाधतो. दगड पुढें झिजला कीं शीर पुन्हा वर येईल. तेव्हां हें काम पुन्हा करावें लागेल, हें मात्र विसरूं नये.

बारीक भेगेंत पातळ झटपट गोंद एका बाजूनें सोडावा. तो आपोआप आंत ओढला जातो. एक दिवस वाळूं देऊन वर राहिलेला घांसून काढावा. थर सुटले असतील तर जुना गोंद खरवडून दोन भागांच्या इपॉक्सीनें ते पुन्हा बसवावे. पिवळा थर पातळ असल्यामुळें असे पुष्कळ निसणे मुळांतच पाटीच्या दगडावर चिकटवून विकले जात. म्हणून पत्रांतील दगडाचे थर सुटणें हा बहुधा जुन्या गोंदाचा शेवट आहे, दगडाचा भंग नव्हे. भंगलेल्या मूर्तीचें विसर्जन करण्याची रूढि आम्ही जाणतों; पण ती मूर्तीपुरती. कोपरा उडाला म्हणून पाटा कोणी नदींत सोडला नाहीं. जपानी कारागीर निसण्याच्या बाजूंना लाखेसारखें रोगण देतात, तें पाणी थरांत शिरूं नये म्हणून. वरचा पृष्ठभाग अर्थातच मोकळा ठेवतात. आपणहि दगड पाण्यांत भिजत घालूं नये, उकळूं नये, उन्हांत ठेवूं नये. त्याला पाण्याचे चार थेंब पुरतात.

खोलगट दगड सपाट करण्यासाठीं जाड कांचेवर पाण्यांत चालणारा खरकागद ठेवावा. दगडावर शिसपेन्सिलीनें चौकटी आंखाव्या व तो ओल्या कागदावर फिरवावा. सर्व रेघा नाहींशा झाल्या म्हणजे पृष्ठभाग समतल झाला. मग अधिक बारीक कागद घ्यावा व शेवटीं कडा किंचित् मोडाव्या. हें काम सदैव ओलें ठेवूनच करावें. दगडाच्या कोरड्या धुळींत सिलिका असते व ती फुप्फुसांना अपायकारक आहे. सांडलेला चिखल वाळण्यापूर्वींच ओल्या फडक्यानें पुसावा, आणि मुलांना जवळ येऊं देऊं नये.

इतकें करूनहि कांहीं दगड सुधारत नाहींत. कठीण कण सर्वांगांत विखुरलेले असतील तर कितीहि कोरलें तरी नवे वर येत राहतात. अशा दगडाला वस्तऱ्यापासून दूर ठेवावें. पण विळी, सुरी व अडकित्ता यांना तो चालेल. वस्तऱ्याला नालायक ठरलेला दगड स्वयंपाकघरांत लायक ठरतो, यांत त्याचा अपमान नाहीं. आणि वस्तरा ज्याचा त्यानेंच वापरावा. दगड घरांत एक असला तरी चालेल, पण पातें सामाईक नसावें.

शेवटीं एक गोष्ट देण्याघेण्याविषयीं. ओल्या किंवा तेल लावलेल्या दगडावर भेग दिसत नाहीं. म्हणून विकत घेणारानें दगड कोरडा पाहावयास मागावा. आणि पुढच्या पिढीला देणारानें दगडाच्या डबींत एक चिठ्ठी ठेवावी: शीर कोणत्या बाजूला आहे, भेग कोठें सांधली, कोणत्या भागावर वस्तरा लावावा. चिठ्ठी नसली म्हणजे एक पिढी दगडाला निर्दोष समजून धार गमावते आणि दुसरी त्याला भंगलेला समजून टाकूं पाहते. दोष लिहून ठेवला तर दगडाची किंमत कमी होत नाहीं. त्याचें आयुष्य वाढतें.