महसूल आणि माणूस

२०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्र सरकारने देशात बनणाऱ्या विदेशी मद्यावरील उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या तिपटीवरून साडेचार पटींवर नेले. या व त्याबरोबरच्या अन्य निर्णयांपासून सरकारने सुमारे चौदा हजार कोटी रुपयांच्या वाढीव उत्पन्नाची अपेक्षा धरली. मद्य महागले म्हणून अश्रू ढाळण्याचे कारण नाही. किंमत वाढली की पिणे घटते, हा जगभरचा अनुभव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली पुढे ठेवलेल्या पंचसूत्रीतही करवाढ आहेच. परंतु तिच्या जोडीला विक्रीवर निर्बंध, जाहिरातबंदी, पिऊन वाहन हाकणाऱ्यांस अटकाव आणि व्यसनग्रस्तांस उपचार ही चार सूत्रेही आहेत. आपल्या सरकारने पाचांपैकी तिजोरी भरणारे सूत्र तेवढ्या उत्साहाने उचलावे, हा काय योगायोग म्हणावा?

मद्याविषयी आपल्या राज्याची वृत्ती प्रथमपासून दुटप्पी आहे. घटनेचे ४७ वे कलम मादक पेयांच्या बंदीचे ध्येय सांगते. १९४९ चा दारूबंदी कायदा आजही जारी आहे. आणि त्याच कायद्याखाली पिणाऱ्यास मिळणारा परवाना ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणून दिला जातो! मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निर्धोक नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले, त्याची वार्ता या परवान्यापर्यंत पोहोचलेली दिसत नाही.

मग संपूर्ण दारूबंदी हाच उपाय काय? चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. अवैध दारू व गुन्हेगारी वाढल्याचे कारण सरकारने दिले. कायदा करणे सोपे, तो राबविणे कठीण, हाच त्याचा अर्थ. उलट, २०१५ च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. तेथे तर दारूबंदी नव्हती. गरिबाला परवडणारी दारू शोधताना त्यांच्या पेल्यात मिथेनॉल आले. म्हणूनच नुसत्या करवाढीने समाधान मानणे धोक्याचे आहे. दुकानातील बाटली महागली आणि गल्लीतील भट्टी तशीच राहिली, तर तहान सुटणार नाही. ती फक्त गुत्त्याकडे वळेल.

यास्तव आमच्या तीन मागण्या आहेत. वाढीव उत्पन्नाचा ठराविक हिस्सा कायद्याने व्यसनोपचारासाठी राखून ठेवावा. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या संस्थेने १९८६ पासून जे कार्य चालविले आहे, ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयाचे नित्यकर्म व्हावे. दुसरे, मिथेनॉलच्या प्रत्येक पिंपाचा कारखान्यापासून वापरापर्यंत हिशेब ठेवावा. तिसरे, सोड्याच्या नावाने चालणाऱ्या मद्याच्या छुप्या जाहिराती बंद कराव्यात.

गावातले दुकान बंद करण्यासाठी ‘आडव्या बाटली’ला मत द्यायला बायाबापड्यांनी घरोघर फिरायचे, आणि उत्पन्नाचा हिशेब मात्र मंत्रालयाने मांडायचा, ही वाटणी न्यायाची नाही. मद्यावरील कराचे यश किती कोटी जमा झाले यावर मोजू नये. पगाराच्या दिवशी किती घरांत पूर्ण पगार पोहोचला, हे सरकारने आम्हांस सांगावे.