द्रोह कोणाचा?

'द्रोहकाल'चे नाव निघाले की आमची रसिक मंडळी अभयसिंगसाठी हळहळू लागतात. गोविंद निहलानींच्या १९९४ सालच्या या चित्रपटातला तो पोलीस अधिकारी. बायको-मुलावर संकट येताच तो कसा मोडतो, हे ओम पुरींनी असे दाखवले आहे की आपलाही श्वास अडकतो. अभिनयाला माझा नमस्कार. पण या हळहळीला माझा सक्त विरोध आहे!

ज्या दोघांना त्याने अतिरेक्यांत पेरले, त्यांचे काय? द्रोह रोज करावा लागतो तो त्यांना. ज्याच्या ताटात जेवायचे त्याचीच खबर द्यायची. आणि द्यायची कुणाला, तर जो पुढे स्वतःच फितूर होणार त्याला! कॅमेरा मात्र साहेबांच्या घरात घुटमळतो. (आम्हां कादंबरीकारांनाही दिवाणखाने फार आवडतात, हे कबूल.)

मुकुटबनला बसून लिहिताना मला वर्धा नदीपलीकडे, चंद्रपूरच्याही पुढची गडचिरोली दिसते. तिथे नक्षलवाद्यांनी 'खबऱ्या' ठरवून कितीतरी आदिवासी मारले. दिवसा पोलिसांना पाणी आणि रात्री दलमला भात, दोन्ही नाकारण्याची सोय नसलेली माणसे ती. त्यांच्या निष्ठेची ओढाताण कुणी चितारली?

निहलानींना ही माणसे ठाऊक नव्हती, असेही नाही. १९८० च्या 'आक्रोश'मध्ये त्यांनीच ओम पुरींना लहान्या भिकू केले होते, जवळजवळ मुका. चौदा वर्षांनी त्याच नटाच्या अंगावर वर्दी चढली आणि लहान्या चौकटीबाहेर गेला.