‘आम्हाला काही झालं नाही, मग गोळ्या कशाला?’

आशाताई दारात उभ्या आहेत. हातात गोळ्यांची पाकिटं, सोबत उंची मोजायची पट्टी. घरातून उत्तर येतं, ‘ठेवून जा, जेवल्यावर घेऊ.’ त्या म्हणतात, ‘नाही हो, माझ्यासमोरच घ्या.’ बऱ्याच जणांना याचा राग येतो. ठणठणीत माणसानं औषध का घ्यायचं?

कारण हत्तीरोग झालेला माणूस बरीच वर्षं ठणठणीतच दिसतो.

हा रोग धाग्यासारख्या बारीक कृमींमुळे होतो. ते आपल्या लसीकावाहिन्यांमध्ये, म्हणजे शरीरातल्या जादा द्रवाचा निचरा करणाऱ्या नळ्यांमध्ये, घर करतात आणि पाच-सहा वर्षं तिथेच जगतात. मादी लाखो पिल्लं सोडते. या पिल्लांचं वागणं मोठं विचित्र! दिवसा ती फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत दडून बसतात आणि रात्री हातापायांच्या रक्तात उतरतात. नेमकी तीच वेळ क्युलेक्स डासाची चावण्याची. म्हणून तर या तपासणीसाठी आरोग्य कर्मचारी रात्री साडेआठनंतर रक्त घ्यायला येतात. डास रक्तातून हे जंतू उचलतो, हे पॅट्रिक मॅन्सन या डॉक्टरानं 1877 मध्ये चीनमधल्या अमॉय इथे दाखवून दिलं. डासामुळे मलेरिया पसरतो हे तेव्हा कुणालाच सिद्ध करता आलं नव्हतं.

एक-दोन डास चावले म्हणून हत्तीरोग होत नाही. महिनोन् महिने चावे बसावे लागतात. लागण बहुतेकदा लहानपणी होते आणि पाय सुजतो तो तरुणपणी किंवा त्यानंतर. मधल्या काळात तो माणूस नकळत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या डासांना जंतू पुरवत राहतो. गोळ्या सगळ्या वस्तीला द्यायच्या त्या यासाठी. त्या रक्तातली पिल्लं मारतात, पण मोठे कृमी सगळे मरत नाहीत. म्हणून एकदा घेऊन भागत नाही, मोहीम पुन्हा पुन्हा येते.

गोळ्या उपाशीपोटी घेऊ नका. दोन वर्षांखालची मुलं, गर्भवती आणि गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत. बाळंतीण असाल तर आधी विचारा. गोळी घेतल्यावर कुणाला ताप, डोकेदुखी, मळमळ होते आणि लगेच गावभर बातमी पसरते की औषध बाधलं. बहुतेक वेळा हा त्रास आतले जंतू मरत असल्याचा असतो आणि एक-दोन दिवसांत थांबतो. फार वाटलं तर डॉक्टरांना जरूर दाखवा.

विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, नागपूर या भागांना हा रोग ओळखीचा आहे. बिहार, झारखंड, उत्तर प्रदेश, ओडिशा, छत्तीसगड, तेलंगणा इथे राहणाऱ्या मराठी घरांनीही मोहिमेची चौकशी करावी. श्रीलंका आणि मालदीवनं 2016 मध्ये यातून सुटका करून घेतली. चीननं तर औषध थेट मिठात मिसळून लोकांना खाऊ घातलं! आपल्याकडे मात्र गोळी तळहातावर घेऊन खिडकीतून टाकणारे कमी नाहीत.

डेंग्यूचा डास स्वच्छ पाण्यात वाढतो, हा घाण पाण्यात. तुंबलेलं गटार, सांडपाण्याचं डबकं, सेप्टिक टँक ही त्याची ठिकाणं. टँकच्या व्हेंट पाइपला जाळी बांधायला दहा मिनिटं लागतात.

आणि ज्यांचा पाय आधीच सुजलाय त्यांचं काय? सूज पूर्ण उतरेल असं आश्वासन देणाऱ्यांपासून लांब राहा. पण ती वाढू न देणं बरंचसं घरच्या घरी जमतं. रोज साबणानं पाय धुवा, बोटांच्या बेचक्यांसह हलकेच टिपून कोरडा करा, चिखल्या आणि जखमा लगेच दाखवा, बसताना-झोपताना पाय उंच ठेवा. वारंवार येणारा ताप आणि लालसर सूज या जखमांतून शिरणाऱ्या जंतूंमुळे येते. प्रत्येक झटक्यानंतर पाय थोडा जाड होतो.

पुरुषांच्या अंडवृद्धीबद्दल तर घरात कुणी बोलतच नाही. धोतराआड, सैल पँटीआड वर्षं काढतात, कामं सोडतात. खरं तर यावर शस्त्रक्रिया आहे आणि ती सरकारी रुग्णालयात मोफत होते. वडिलांना, काकांना सोबत घेऊन जायला घरातल्या मुलांनीच पुढं व्हावं. ते स्वतःहून सांगायचे नाहीत.