कौंटीचा करार, रणजीचे मानधन

जुलै २०२५ मध्ये ऋतुराज गायकवाडने वैयक्तिक कारणास्तव ऐनवेळी यॉर्कशायरकडून माघार घेतली. काही दिवसांतच पाकिस्तानचा इमाम-उल-हक त्याच्या जागी आला. परदेशी खेळाडूंच्या भरतीतली अशी अनिश्चितता कौंटी क्लबांच्या अंगवळणी पडली आहे. मला अधिक गंभीर वाटते ती तिथल्या सामान्य व्यावसायिक खेळाडूची अवस्था. हंगाम सरताना करार संपतो आणि पुढचा मिळेल की नाही, हे त्याला अनेकदा अखेरपर्यंत कळत नाही.

तरीही त्याच्या हाती करार असतो. २०२० मध्ये महासाथीने मैदाने बंद पडली, तेव्हा तिथल्या वेतनकपातीची बोलणी १९६७ मध्ये स्थापन झालेल्या खेळाडू संघटनेशी झाली. आपल्याकडे २०२०-२१ ची रणजी स्पर्धाच रद्द झाली. सामने नाहीत, म्हणून मानधनही नाही. निम्म्या मानधनाची भरपाई मंडळाने जाहीर केली ती थेट सप्टेंबर २०२१ मध्ये. खेळाडूंच्या वतीने बोलणार तरी कोण? २०१९ मध्ये स्थापन झालेली आपली संघटना माजी खेळाडूंची आहे!

हॅम्पशायर कौंटी विकत घेण्याचा सौदा जीएमआर या भारतीय समूहाने २०२४ मध्ये केला. इंग्लिश खेळाडूंचे वार्षिक करार भारतीय भांडवलाला परवडतात. रणजीपटू मात्र बहुतांशी दिवसागणिक मानधनावरच आहे. त्याला किमान दोन वर्षांचा करार देणे मंडळाने राज्य संघटनांना बंधनकारक करावे. २०२३ ते २०२७ या काळातील आयपीएलचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकणाऱ्या मंडळाने निधीची सबब सांगू नये.