घ्यावे की थांबावे?

आम्ही कळमन्याची मुले भाव ऐकतच वाढलो. येथील बाजारात आलेला संत्रा थांबत नाही. मिरची मात्र शीतगृहात ठेवून भावाची वाट पाहता येते. संगणकाचे नवे ग्राफिक्स कार्ड आज घ्यावे की थांबावे, या प्रश्नाचे उत्तरही मला येथेच सापडते.

थांबणारा शहाणा, हे २०२१ साली खरे ठरले. आभासी चलनवाल्यांनी कार्डे उचलली व भाव भडकले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने ती पद्धत सोडली, तेव्हा ते उतरले. परंतु २०२५ च्या अखेरीस उलटे घडले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरी चिपा ओढून घेतल्या आणि थांबलेल्यांपुढे महागाई उभी राहिली. भावाचे भाकीत अडत्यालाही जमत नाही, मग आपली काय कथा!

म्हणून प्रश्न भावाचा नसून गरजेचा आहे, असे माझे मत आहे. माझ्याजवळ चार जीबीचे जुने जीटीएक्स १०५० टीआय आहे. माहितीपटाचे संकलन करताना मोठे चित्रण त्यावर अडखळते. पण लहान प्रत करून काम निभते. आरटीएक्स ५०६० घ्यावे, तर ७५ वॅटच्या जागी १४५ वॅट हवेत. म्हणजे माझा पॉवर सप्लायही बदलणे आले. वडील बाजारात हमाली करतात. तेवढ्या पैशांत धाकट्या बहिणीची वर्षाची फी भागते.

मित्रांनो, ज्याचे काम खरोखर अडले, त्याची गरज संत्र्यासारखी. त्याने आजच घ्यावे. ज्याची केवळ हौस अडली, त्याची गरज मिरचीसारखी, ती टिकते. माझे काम चालू आहे. मी थांबणार.